हिरव्या विजेच्या हिशेबात मुळशीचा रकाना कुठे आहे?

टाटा पॉवर कंपनीने जाहीर केले आहे की, २०४५ च्या आत ती ‘नेट झिरो’ होणार. म्हणजे कंपनी हवेत जेवढा कार्बन सोडेल तेवढाच कुठे ना कुठे शोषला जाईल आणि वजाबाकी शून्य येईल. कोळशावरचे नवे प्रकल्प उभारणार नाही, सूर्य, वारा आणि पाणी यांच्यावरची वीज वाढवणार, पाण्याचा आणि कचऱ्याचा हिशेब २०३० पर्यंत बरोबरीला आणणार, अशीही आश्वासने तिने दिली आहेत. सह्याद्रीत झाडे लावली जातात, शाळकरी मुलांना वीज वाचवायला शिकवले जाते, लोणावळ्याजवळ वळवणला माशांची पैदास केली जाते. या सर्व गोष्टींचे आम्ही स्वागतच करतो. धूर कमी झालेला कुणाला नको आहे? परंतु आम्ही पेशाने वकील आहोत. हिशेब समोर आला की पहिली नजर बेरजेवर जात नाही, कोणते रकाने छापलेच नाहीत ते आम्ही आधी पाहतो. या हिरव्या हिशेबात मुळशीचा रकाना आम्हाला सापडलेला नाही.

चळवळीतले काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात की, अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, गायरान हे प्रश्न पडलेले असताना हा कार्बन कुठून काढलात? हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, मे महिन्याच्या उन्हात वीटभट्टीवर कोण असते? उसाच्या फडात कोण असते? गटारात कोण उतरते? पत्र्याच्या खोलीत पंखा बंद पडल्यावर कुणाचे लेकरू तापाने फणफणते? हवा तापली की सगळ्यांसाठी तापते, पण सावली मात्र जातीने वाटलेली आहे. आता सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी एम. के. रणजितसिंह यांच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो असे म्हटले आहे. प्रकरण होते माळढोक पक्ष्याचे आणि सौरविजेच्या तारांचे. पण निकालात समतेचे कलम आले आहे आणि समतेचे कलम जिथे येते तिथे आपल्या चळवळीचे काम आहे.

आता मुळशीकडे येऊ.

पुण्याच्या पश्चिमेला निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी धरण बांधायला घेतले तेव्हा मावळातली पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. भाताची जमीन, आंबेमोहराचे खोरे. कंपनीची माणसे जमिनीत शिरली आणि खड्डे खणू लागली, नोटीस नंतर आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ साली लढा संपला, बापट सात वर्षांसाठी तुरुंगात गेले आणि धरण पूर्ण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. सत्याग्रहाची शताब्दी २०२१ साली झाली. शंभर वर्षांनंतरही धरणकाठच्या लोकांच्या गावठाणाच्या, रस्त्याच्या, पाण्याच्या मागण्या चालूच होत्या.

या लढ्याचा इतिहास सांगताना दोन गोष्टी नेहमी मागे राहतात. पहिली सावकारीची. मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या नावावर चढलेल्या होत्या. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला चालत होता. जमीन वाचली असती तर मावळ्याची, बुडाली तर पैसे सावकाराचे, असा तो व्यवहार होता. लढा आतून पोखरला गेला तो इथेच. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ उगारून तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती. तरीही तोच सावकार आणि तीच पोथी!

दुसरी गोष्ट त्याहून मागे राहिली आहे. गाव तिथे महारवाडा. मावळातली गावे याला अपवाद असण्याचे काही कारण नाही. या महारवाड्याला धरणाच्या मोबदल्यात काय मिळाले असेल? कायद्याच्या अंगाने विचार करा. १८९४ चा भूसंपादन कायदा मोबदला देतो तो जमिनीत हितसंबंध असलेल्याला. खातेदाराचा हितसंबंध सातबाऱ्यावर दिसतो. वतनदार महाराचे पोट मात्र दोन गोष्टींवर होते, एक वतनाचा तुकडा आणि दुसरे गावाने द्यायचे बलुते. वतनाचा तुकडा फार तर मोजणीत आला असेल. बलुत्याचे काय? गाव उठला की बलुते देणारा कुणबी एका दिशेला गेला आणि बलुतेदार दुसऱ्या. त्या हक्काची किंमत १८९४ च्या कायद्याने कधी केली नाही, कारण तो त्या कायद्याला दिसतच नव्हता. शेतमजुराचे, कातकऱ्याचे तेच. कातकऱ्यांच्या वस्त्या आजही मुळशीत आहेत. केंद्र सरकारने या समाजाला विशेष दुर्बल आदिवासी गटात घातले आहे. कुठल्याही मोबदल्याच्या यादीत न बसणारी ही माणसे होती.

भूमिहीनाला ‘बाधित कुटुंब’ म्हणून कायद्याने मोजले ते फार उशिरा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शेतमजूर, कूळ, कारागीर, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर ज्यांचे पोट चालत होते ते सगळे आले. कलम ४१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी तरतूद आली. महाराष्ट्राचा स्वतःचा पुनर्वसन कायदा १९७६ चा, मग १९८६ चा, मग १९९९ चा. मुळशीचे पाणी या सगळ्यांच्या आधी पन्नास वर्षे अडवले गेले होते. कायदा मागे जाऊन लागू होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कायदा मागे जात नाही म्हणून नफाही मागे राहिला का? तो तर दरवर्षी पुढे येतो.

ते पाणी गेले कुठे? डोंगराच्या पोटातून आणि नळातून ते सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला जाते. तिथे जनित्रे फिरतात आणि पाणी कुंडलिकेत सोडले जाते. भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले ते १९२७ साली. वाचकहो, १९२७ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एका बाजूला अख्खी नदी डोंगर फोडून कंपनीसाठी पश्चिमेला वळवली जात होती, त्याला सरकार, पोलीस, कोर्ट सगळे अनुकूल. दुसऱ्या बाजूला त्याच जिल्ह्यात माणसाने तळ्यातले ओंजळभर पाणी प्यायले तर डोकी फुटत होती, आणि पुढे दिवाणी दावा लागून तो उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे चालला.

ती वीज मुंबईच्या गिरण्यांना जात होती. त्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग धोटा बाटतो, हे कारण. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला होता. मावळात धरणाखाली गाव गेलेला कुणी महार मुंबईला गेला असेल तर त्याच्याच गावच्या पाण्यावर चालणाऱ्या मागापाशी त्याला उभे राहता येत नव्हते. त्या काळी पाण्याच्या विजेला ‘पांढरा कोळसा’ म्हणत. आज तिला ‘हिरवी वीज’ म्हणतात. रंग बदलला, पाणी तेच आहे.

इथे कुणी असा समज करून घेऊ नये की, आम्ही विजेच्या किंवा धरणाच्या विरोधात आहोत. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ पासून, या देशाच्या वीजधोरणाचा पाया त्यांच्या हातून घातला गेला. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय जलआयोगाची आणि वीजमंडळाची सुरुवात ही त्यांच्या खात्याची कामे होत. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे आणि ती समाजाच्या मालकीची असली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये १९४७ साली त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे लिहून ठेवले. पुढे १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांची वीज मंडळे आली. २००३ च्या विद्युत कायद्याने तो कायदा गेला, २००५ साली आपले वीज मंडळही तुकडे होऊन कंपन्या झाले. मुंबईतला टाटांचा परवाना मात्र या सर्व काळात खाजगीच राहिला. म्हणून आमचा प्रश्न विजेला नाही, मालकीला आणि हिशेबाला आहे.

तर हिशेब. खोपोली ७२ मेगावॅट, भिवपुरी ७५, भिरा ३००, असे टाटांचे सह्याद्रीतले जलविद्युत ४४७ मेगावॅट आहे. कोळशाचा कण न जाळता मिळणारी ही वीज कंपनीच्या स्वच्छ विजेच्या खात्यात जमा होते. त्याच कंपनीचा गुजरातमधला मुंद्रा प्रकल्प कोळशावरचा आहे आणि तो ४१५० मेगावॅटचा आहे, म्हणजे भिऱ्याच्या जवळजवळ चौदा पट. मुंद्राच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी अमेरिकेत जाऊन खटला भरला, प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळावर. अशा संस्थेला संपूर्ण अभय नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सात विरुद्ध एक मतांनी दिला. बुढा इस्माईल जाम हे नाव त्यामुळे जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेले. पुढे खालच्या न्यायालयांनी दुसऱ्या मुद्द्यावर खटला काढून टाकला आणि २०२२ साली तो संपला. तत्त्व जिंकले, मच्छीमार रिकाम्या हाताने परतले. आम्हा वकिलांना असे विजय फार ओळखीचे आहेत.

आता महाशीर माशाची गोष्ट. वळवणला १९७० च्या दशकापासून कंपनी महाशीरची पैदास करते, लाखो पिल्ले नद्यांत आणि तलावांत सोडली गेली आहेत. निळ्या पराचा महाशीर एकेकाळी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या धोक्यातल्या यादीत होता, आता तो कमी चिंतेच्या वर्गात आला आहे. हे चांगले काम आहे आणि आम्ही ते मनापासून मान्य करतो. प्राणिमात्रांविषयी करुणा ही तर आमच्या धम्माची शिकवण. पण बघा, एक मासा वाचवायचा ठरला तर काय काय झाले. त्याची जात-प्रजात ओळखली गेली. तो कुठे होता, किती उरला, हे मोजले गेले. यादी झाली, वर्ग ठरले, दर काही वर्षांनी फेरतपासणी ठरली. मुळशीतून उठलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे आज कुठे आहेत, त्यांपैकी किती भूमिहीन आहेत, किती पुण्यात हातगाडी ओढतात, किती जणांच्या घरात पदवीधर आहे, याची फेरतपासणी कुणी ठरवली?

याचे कारण कंपनीची दुष्टाई हे नाही. कारण अर्जाच्या नमुन्यात आहे. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्या नमुन्यात पुनर्वसनाचा प्रश्न आहे, नाही असे नाही. पण तो विचारतो फक्त ‘चालू असलेल्या’ पुनर्वसनाबद्दल. मुळशीचे पुनर्वसन चालू नाही. ते सुरूच नीट झाले नव्हते, म्हणून ते चालूही नाही, म्हणून ते लिहावेही लागत नाही. त्याच नमुन्यात कर्मचारी आणि कामगार यांची संख्या स्त्री-पुरुष आणि अपंग अशी फोडून मागितली आहे. जातीचा रकाना नाही. किती टन कार्बन, किती लिटर पाणी, किती किलो राख, सगळे विचारले आहे. कंत्राटावर राख उपसणारा, नाली साफ करणारा, टॉवरखाली गवत कापणारा कोणत्या समाजाचा, हे विचारलेले नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणती कंपनी आपण होऊन देईल?

इथे आपल्या चळवळीची जुनी जखम आठवते. खाजगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी २००४ नंतर जोरात आली तेव्हा उद्योगपतींनी काय केले? २००६ साली दोन उद्योग महासंघांचा कृतिगट टाटा समूहातल्याच जे. जे. इराणींच्या अध्यक्षतेखाली बसला आणि म्हणाला की कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू. आचारसंहिता आली. शिक्षण, कौशल्य, रोजगार, उद्योजकता यांचे कार्यक्रम आले. टाटा समूहाचाही असा कार्यक्रम आहे आणि त्यातून काही मुलांचे भले झालेही असेल. पण स्वेच्छा ती स्वेच्छा. तिच्यावर दावा लावता येत नाही, तिच्या भंगाबद्दल नोटीस काढता येत नाही. २००६ नंतर दोन दशके होत आली, खाजगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा आलेला नाही. ‘२०४५ च्या आत नेट झिरो’ हे वाक्य आम्ही वाचतो तेव्हा आमच्या कानात तेच जुने वाक्य वाजते. आम्ही स्वेच्छेने करू, कायदा नको.

स्वेच्छा आणि कायदा यांत फरक काय पडतो ते चिमणीवर पाहा. तुर्भे म्हणजे ट्रॉम्बेच्या टाटांच्या औष्णिक केंद्रात धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा देशात सर्वांत आधी आली. मुंबई शहराच्या नाकासमोर चिमणी होती, परवानगीला अटी होत्या, म्हणून आली. बाकीच्या देशात ती यावी म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली, दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये जवळजवळ ७८ टक्के औष्णिक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच मिळाली. निकष काय, तर केंद्र मोठ्या शहराजवळ आहे का, प्रदूषित ठरलेल्या भागात आहे का. खेड्याजवळ असेल तर सूट! चंद्रपूर-कोराडीच्या परिसरातल्या आपल्या वस्त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आणि शहराजवळ असणे म्हणजे सुरक्षित असणेही नव्हे. चेंबूर-माहुलच्या पट्ट्यात रिफायनऱ्या आणि कारखाने यांच्या मधोमध प्रकल्पग्रस्त झोपडीवासीयांना सरकारने नेऊन वसवले. हवा इतकी वाईट निघाली की, पर्यायी घर द्या नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे द्या, असे मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ साली सांगावे लागले. तलाव-तिवराजवळची, नाल्याकाठची झोपडी उठवायची ती पर्यावरणासाठी, आणि माणसे नेऊन ठेवायची चिमणीखाली. हे कसले पर्यावरण?

मुळशी-मावळात हे सर्व आता पुन्हा घडू पाहत आहे, म्हणून आज लिहिणे आले. सूर्य रात्री नसतो, वारा लहरी, त्यामुळे सौरवीज साठवायला मोठी टाकी लागते. ती टाकी म्हणजे उदंचन प्रकल्प. दिवसा वीज जास्त असताना खालचे पाणी वर चढवायचे, संध्याकाळी दिवे लागले की खाली सोडायचे. वर चढवायला जेवढी वीज लागते तिच्या तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश परत मिळते, बाकी जाते. भिऱ्याला असे १५० मेगावॅटचे यंत्र नव्वदच्या दशकापासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला, मावळात शिरवत्याला १८०० मेगावॅट आणि रायगडमध्ये भिवपुरीला १००० मेगावॅट, गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटी. शिरवते हेही टाटांचेच शंभर वर्षांपूर्वीचे धरण. म्हणजे ज्या खोऱ्यांनी पांढरा कोळसा दिला तीच आता हिरव्या विजेची बॅटरी होणार.

हिमाचल किंवा उत्तराखंडात जलविद्युत केंद्र आले तर केंद्राच्या धोरणाप्रमाणे १२ टक्के वीज त्या राज्याला मोफत मिळते. २००८ च्या धोरणाने त्यात आणखी एक टक्का स्थानिक विकास निधीसाठी जोडला आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे महिन्याला शंभर युनिट वीज देण्याची तरतूद केली. मुळशीला यातले काहीही लागू नाही, कारण मुळशी फार जुनी. शिरवत्याला मोफत विजेची अट लागू नाही, कारण उदंचन प्रकल्पांना केंद्राच्या एप्रिल २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तीतून वगळले आहे. जुना म्हणून नाही आणि नवा म्हणूनही नाही!

पाण्याचेही सांगितले पाहिजे. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७६ साली टाटांच्या या जलविद्युत योजनांसाठी भीमा खोऱ्यातून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली. एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसी. सरासरी काढली तर वर्षाला ४२ टीएमसीच्या वर होते. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे एका शहराच्या चार धरणांच्या दीडपट पाणी दरवर्षी घाटाखाली जाऊ शकते, आणि त्याच भीमेच्या खालच्या अंगाला सोलापूर जिल्ह्यात आपली माणसे टँकरची वाट पाहतात. हे पाणी पूर्वेला वळवा अशी मागणी पुण्याचे पुढारी अधूनमधून करतात. ती आम्ही सावधपणे ऐकतो. पाणी वळले आणि ते हिंजवडीच्या सोसायट्यांना व डोंगरातल्या बंगल्यांना गेले, तर मुळशीच्या कातकरीवाडीला त्यात काय? लवासाच्या वेळी याच तालुक्याने पाहिले की डोंगर कुणाचे आणि तळे कुणाचे.

आमचे म्हणणे त्यामुळे असे आहे. शिरवते आणि भिवपुरीच्या कामाआधी खुली जनसुनावणी व्हावी, तीही मराठीत, धरणकाठच्या गावात, कामाच्या दिवशी सकाळी नव्हे तर मजूर येऊ शकेल अशा वेळी. एक टक्का स्थानिक निधीचे २००८ चे तत्त्व राज्य सरकारने आपल्या कायद्याने भिऱ्यासह टाटांच्या तिन्ही केंद्रांना लावावे. केंद्राने दिले नाही म्हणून राज्याने देऊ नये असे काही नाही. तो निधी कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या दोन टक्क्यांत मिसळू नये. कंपनी कायद्याच्या कलम १३५ चा पैसा कुठे खर्च करायचा ते कंपनी ठरवते, हा निधी ग्रामसभा ठरवेल. शाळेला बाक दिले, आरोग्य शिबिर घेतले, याबद्दल आभार मानू. पण हक्काच्या पैशाची पावती दानाच्या पावतीबुकात फाडली जाऊ नये. सेबीच्या नमुन्यातला ‘चालू असलेल्या’ हा शब्द काढून टाकावा आणि कामगारांच्या तक्त्यात, कंत्राटी धरून, अनुसूचित जाती-जमातींचा रकाना घालावा. कार्बन टनात मोजता येतो तर माणूस माणसात का मोजता येऊ नये?

आणि हे सगळे सरकार करील म्हणून बसून राहू नये. खाजगी कंपनीला माहिती अधिकाराचा अर्ज थेट चालत नाही, असे सांगून कार्यकर्त्यांना वाटेला लावले जाते. परंतु महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. विद्युत कायद्याच्या कलम ६४ खाली वीजदराची याचिका आली की ती प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. हरकत कुणीही देऊ शकतो, त्याला वकील लागत नाही. याच आयोगाने २०२१ साली ठरवले होते की ज्या ग्राहकाला सगळी वीज हिरवीच हवी त्याने युनिटमागे ६६ पैसे जादा द्यावेत. म्हणजे मुंबईच्या ग्राहकाला हिरवेपणाचे दाम मोजायला हरकत नव्हती. त्या पैशातला एक पैसा तरी पाणी देणाऱ्या खोऱ्याला का जाऊ नये, हा प्रश्न आयोगापुढे लेखी गेला पाहिजे. चेंबूर, घाटकोपर, वरळीतल्या ज्या बांधवांकडे टाटांचे मीटर आहे त्यांनी ग्राहक म्हणून, आणि मुळशी-मावळातल्या ग्रामसभांनी ठराव करून. ठरावात तीन गोष्टी असाव्यात. बुडालेल्या गावाचे नाव, तिथून उठलेल्या कुटुंबांची जातवार यादी आणि त्यांचा आजचा पत्ता. यादी करायला आम्ही आणि आमचे कनिष्ठ वकील येऊ, मोबदला घेणार नाही. ज्या गावांना ठरावाचा मसुदा हवा असेल त्यांनी या दैनिकाच्या कार्यालयाकडे निरोप ठेवावा.